पीएफ उशिरा भरल्याचा दंड: अपील केलेल्या कुणाचा अनुभव आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. वाळूज एमआयडीसीत वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे, २२ कामगार. २०१७ ते २०१९ मध्ये मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल सहा-सहा महिने अडकायचं, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पीएफ भरणं व्हायचं नाही. पैसे एकूण एक भरले, पण उशिरा. आता पीएफ कायद्याच्या कलम १४-ब चा दंड आणि ७-क्यू चं १२ टक्के व्याज, दोन्हींची एकत्र ऑर्डर हातात पडली आहे.

वकील म्हणतात, ६० दिवसांत ट्रिब्युनलमध्ये अपील करू. पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलंय की दंड लावायला मालकाचा वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. मग पैशांची अडचण होती, हे सांगून काही उपयोग होतो का? व्याज माफ होत नाही, ते भरूच. कामगारांच्या हक्काचा पैसा होता तो, उशीर झाला याचं वडिलांना आजही वाईट वाटतं. प्रश्न फक्त दंडाचा आहे.

२०२२ नंतर कुणाचा दंड अपिलात कमी झालाय का? सुनावणीत कोणती कागदपत्रं चालली, बँक स्टेटमेंट की ताळेबंद? जालना, लातूर, नांदेडकडच्या कारखानदारांनीही सांगा. ३१ दिवस उरलेत.