सोलापुरात टेलिकॉमची फील्ड इंजिनिअरची नोकरी: घ्यावी की पुण्याला जावं?

होटगी_रोड_ईएनटीसी:
नमस्कार. मी सोलापुरातच ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) केलं. एका मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या कामासाठी फील्ड इंजिनिअर म्हणून ऑफर आलीय. भाग सोलापूर, मोहोळ आणि अक्कलकोट. हातात महिना 18 हजार, पेट्रोल वेगळं. मुलाखत कंपनीच्या साहेबांनी घेतली, पण ऑफर लेटर पुण्याच्या एका एजन्सीच्या नावानं आलंय. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत, मी घरीच राहावं असं त्यांना वाटतं. वर्गातली बहुतेक पोरं हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला गेली. ज्यांनी या लाइनमध्ये काम केलंय त्यांनी खरं काय ते सांगा. दहा वर्षांनी माझ्या हातात काय असेल?

मोहोळकर_टॉवर:
मी 2008 ला या लाइनमध्ये आलो, 2021 ला बाहेर पडून फायबरची स्वतःची कामं घेऊ लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी ऑफर लेटरचं बोलू. तू ज्या कंपनीचा टी-शर्ट घालशील, कागदावर तू तिचा माणूस नसशील. याला ऑफ-रोल म्हणतात. माझ्या वेळी जिल्ह्यात टॉवरला आणि फायबरला हात घालणारी बहुतेक पोरं ऑफ-रोलच होती. ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावरचा माणूस क्लस्टरला (साइटच्या एका गटाला) एखादा, त्याच्या वरचे सगळे पुण्याच्या सर्कल ऑफिसात, म्हणजे कंपनीच्या विभागीय कार्यालयात. एजन्सीचं कंत्राट संपलं की रातोरात दुसरी एजन्सी येते. काम तेच, साइट त्याच, आयकार्ड नवं. आणि नोकरीची तारीखही नवी. ग्रॅच्युइटीसाठी माझ्या वेळी एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं मोजायचे, ती मोजणी अशी मध्येच तुटायची. मी त्यावरून वरपर्यंत भांडलो, उपयोग झाला नाही. अजून राग जात नाही.

तरीही काम म्हणशील तर मला ते फार आवडायचं. कॉलेजात जे फळ्यावर बघितलंस ते इथं हातात येतं. साइटवरची बॅटरी बँक 48 व्होल्टची, म्हणजे 2 व्होल्टचे 24 सेल. त्या शिशाच्या बॅटऱ्या 25 अंश तापमान धरून बनवलेल्या असतात, त्याच्या वर दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आता आपल्याकडचा मे महिना आठव. शेल्टरचा, म्हणजे टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीचा, एसी बंद पडला की आतल्या बॅटऱ्यांचं काय होतं ते तुला कुठलं पुस्तक एवढं पटवून देणार नाही. एक सेल बसला की अख्खी बँक खाली ओढतो. तो नेमका कुठला, हे मीटर लावून शोधायला शिकलास की तू कामाचा झालास.

फायबरचं त्याहून मोठं. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात लागला की एका घावात दहा-पंधरा साइट बंद. ओटीडीआर, म्हणजे फायबर कुठं तुटलंय ते मोजणारं यंत्र, लावलं की ते सांगतं, साडेसात किलोमीटरवर तुटलंय. पण ते केबलमधल्या फायबरची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. प्रत्येक चेंबरमध्ये जादा केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं. ती वेटोळी वजा केल्याशिवाय खड्डा कुठं घ्यायचा ते कळत नाही, आणि हा हिशेब नकाशात क्वचितच पुरा लिहिलेला असतो. तो जुन्या स्प्लायसरच्या, म्हणजे फायबर जोडणाऱ्याच्या, डोक्यात असतो. अशा माणसाबरोबर पहिलं वर्ष काढ. साहेबाच्या मागं फिरू नकोस, त्याच्या मागं फिर.

आणि आषाढी. पंढरपूरच्या साइट एरवी एका तालुक्याच्या गावाला पुरतील अशा. दशमीपर्यंत तिथं लाखो माणूस उतरतं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन. मग चाकावरचे टॉवर यायचे, आम्ही त्यांना काऊ म्हणायचो. ते 65 एकराच्या तळावर, वाळवंटाच्या बाजूला उभे करायचे. अँटेना खाली झुकवायच्या, पॉवर कमी करायची. नव्या पोराला हे उलटं वाटतं. पण प्रत्येक अँटेनानं लहान भाग सांभाळला तरच जवळजवळ जास्त अँटेना लावता येतात आणि जास्त लोकांचे फोन लागतात. पावसात, चिखलात, डिझेल जनरेटरच्या आवाजात रात्र काढायची. लातूरकडच्या एका आजीनं माझ्या फोनवरून मुलाला सांगितलं, दर्शन झालं, मी दिंडीबरोबर आहे, काळजी करू नको. चुकामूक झाली तर तिथं माणसाला फोनचाच आधार असतो. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

आता धंद्याचं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आली आणि डेटाचे भाव कोसळले. पुढच्या तीन वर्षांत एअरसेल आणि आरकॉमची (रिलायन्स कम्युनिकेशन्सची) मोबाइल सेवा बंद झाली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, टाटांचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा, म्हणजे सरकारला शुल्क देताना कंपन्यांचं उत्पन्न कसं मोजायचं याचा, निकाल आला. दिल्लीत, मुंबईत काही झालं की सोलापूरच्या गच्चीवर ते दिसायचं. जिथं पाच कंपन्यांच्या अँटेना होत्या तिथं दोन-तीन उरल्या. त्या उतरवायचं कामही आमच्याकडेच. आपणच चढवलेलं आपणच उतरवताना बरोबरची पोरं गप्प असायची, कारण पुढची पाळी कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना नुसतं साइटवर जाऊन डिझेल मोजणं आणि फोटो टाकणं येत होतं ती घरी बसली. ज्यांना स्प्लायसिंग येत होतं त्यांना आठ दिवसांत दुसरीकडे काम मिळालं.

माझं मत: घे, पण दोन वर्षांसाठी. तेवढ्यात फायबर आणि पॉवर हातात बसव.

नवी_पेठ_शोरूम:
दादांनी नेटवर्कचं सांगितलं, मी विक्रीकडची. सहा-सात वर्षं शोरूममध्ये होते. महिन्याच्या 25 तारखेनंतर आमच्याकडे माणूस नाही, फक्त आकडा दिसायचा. पोर्ट-इन (दुसऱ्या कंपनीतून नंबर घेऊन आलेले) किती, पोस्टपेड किती, दर तासाला ग्रुपवर टाका. ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात महागडा प्लॅन घालायला सांगायचे, ते मला कधीच जमलं नाही आणि मी ते केलं नाही. त्यामुळे इन्सेंटिव्ह कमी मिळायचा.

पण तिथंच मी माणसांशी बोलायला शिकले. आपल्या सोलापुरात काउंटरवर तीन भाषा लागतात. अक्कलकोटकडचे कन्नड, पूर्व भागातले तेलुगू, बाकी मराठी. विडी वळणाऱ्या बायका दुपारी यायच्या, सिम बंद पडलं म्हणून घाबरलेल्या, कारण बँकेचा मेसेज त्याच नंबरवर. त्यांना तेलुगूत समजावलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

एजन्सी बदलायचं मी जास्त सोसलंय. माझ्या बाळंतपणाच्या आधी कंत्राट बदललं आणि नव्या एजन्सीनं ईएसआयसीची (सरकारी कामगार विम्याची) नोंद वेळेवर केलीच नाही. रजेच्या पैशासाठी पोटुशी असताना खेटे घातले. म्हणून भावा, पगाराची स्लिप बघून थांबू नकोस. दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडून बघ, भरणा आलाय का ते. 18 हजार हातात म्हणजे तुझा पगार बहुतेक ईएसआयसीच्या 21 हजारांच्या मर्यादेत बसेल. तसं असेल तर घरच्यांची नावं पहिल्याच महिन्यात घालून घे.

जुना_एक्स्चेंजवाला:
मी बीएसएनएलचा. 31 जानेवारी 2020 ला देशभरात 78 हजारांवर लोक व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन एकदम बाहेर पडले, त्यांत मीही होतो. त्या संध्याकाळी एक्स्चेंजमध्ये शिकवणारे आणि शिकणारे दोघंही एकाच वेळी निरोप घेत होते.

मोहोळकरांचं बाकी सगळं पटतं, दोन वर्षांचं पटत नाही. आमची पिढी तांब्याच्या जोड्या जोडत आली आणि चाळिशी उलटल्यावर फायबर शिकली. सोलापूर जिल्ह्याची जमीन, कुठं काळी माती, कुठं खडक, कुठल्या ओढ्यावरून केबल टांगलीय, हे दोन वर्षांत कळत नाही. आणि बाळा, वडील यंत्रमागावर आहेत म्हणतोस, त्यांचंही वय होत असेल. घरी राहून काम शिकायला मिळतंय याचीही किंमत धर. पुण्याची गाडी नंतरही मिळेल.

मोहोळकर_टॉवर:
काका, तुमच्या वेळी नोकरी पक्की होती, पेन्शन होती. याला दोन्ही नाही. पक्कं काही नसताना याला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जमिनीचं मात्र खरं आहे. मी आज जी कामं घेतो ती त्याच माहितीवर.

होटगी_रोड_ईएनटीसी:
दादा, ताई, काका, मनापासून आभार. आज एजन्सीला फोन केला. पीएफ आणि ईएसआयसी पहिल्या महिन्यापासून आहे म्हणाले. कंत्राट किती दिवसांचं ते सांगेनात. टॉवरवर चढावं लागेल का विचारलं तर ‘कधीमधी’ म्हणाले. यावर काय करू?

मोहोळकर_टॉवर:
‘कधीमधी’ला हो म्हणू नकोस. टॉवर साधारण 40 मीटरचा असतो. उंचीवरच्या कामाचं ट्रेनिंग, मेडिकल, फुल बॉडी हार्नेस आणि अपघात विमा, हे चारही मेलवर लेखी माग. देत असतील तर जा. नाही दिलं तर जमिनीवरचंच काम करीन असं त्याच मेलमध्ये लिही आणि मेलची प्रत घरी ठेव. वारा सुटलेला असताना किंवा विजा चमकत असताना कुणीही, अगदी सर्कलच्या साहेबानं सांगितलं तरी चढायचं नाही. कंत्राटाची मुदत क्लस्टरच्या ऑन-रोल माणसाला विचार, त्याला माहीत असते. रुजू व्हायच्या आधी एक दिवस मोकळा असशील तर इथं मेसेज टाक, मोहोळजवळ जोडणी चालू आहे, ओटीडीआर हातात देतो.