रस्त्यावर उभ्या गाडीत राहणं : लॉस एंजेलिसचे नियम

भिरभिरं : लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यावर व्हॅन लावून तिच्यातच मुक्काम केला तर चालतं का? कुणी म्हणतं साफ बंदी, कुणी म्हणतं कोर्टानं बंदी उडवली. ७२ तासांचा नियम म्हणतात तो हाच का?

किल्लीजुडगा : दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. शहराच्या नियमावलीतलं जुनं ८५.०२ कलम नवव्या सर्किट कोर्टानं (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील कोर्ट) २०१४ मध्ये रद्द केलं, ते संदिग्ध होतं म्हणून. ‘राहणं’ म्हणजे काय हेच त्यात नव्हतं. मागच्या सीटवर वळकटी दिसली तरी पोलीस बोट ठेवू शकत. मग शहरानं व्याख्येसकट नवं कलम आणलं. निवासी रस्त्यावर रात्री ९ ते सकाळी ६ मुक्काम नाही; शाळा, पाळणाघर, बाग यांच्यापासून एका ब्लॉकच्या (दोन चौकांमधल्या टप्प्याच्या) आत दिवसाही नाही. खुणा अशा : अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, झाकलेल्या काचा, स्वयंपाक, झोप. एकाहून जास्त खुणा हव्यात, शिवाय गाडीचं घर केलंय असं दिसायला हवं. नुसती डुलकी यात बसत नाही. दंड २५, मग ५०, मग ७५ डॉलर. हे कलम मुदतीचं होतं आणि मुदत वेळोवेळी वाढवत नेली, त्यामुळे आज ते लागू आहे का आणि मजकूर काय, हे आधी तपासा.

स्टेपनी : २५ डॉलर परवडतात हो, टो परवडत नाही. आणि टो होते ती साध्या पार्किंगच्या नियमांनी.

७२ तासांचा नियम वेगळा : रस्त्यावर एकाच जागी ७२ तासांहून जास्त गाडी उभी ठेवायची नाही. त्याचा झोपण्याशी संबंध नाही, रिकामी गाडीही उचलतात. टायरवर खडूची रेघ मारून ठेवतात. (नवव्या सर्किटनं २०२२ मध्ये या खडूलाही मान्यता दिली.) रेघ पुसून उपयोग नाही, काही ठिकाणी टायरचा वॉल्व्ह घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहे तेही टिपून ठेवतात. गाडी खरोखर हलवा.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपून सहा महिने उलटले की टो करता येते. नेमकं हेच लोक विसरतात. पार्किंगच्या दंडाच्या पाच पावत्या थकल्या तरी कायदा टो करू देतो. पण नीट, नियमानं उभी असलेली गाडी केवळ थकबाकीसाठी वॉरंटशिवाय उचलणं घटनाबाह्य, असं कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं २०२३ मध्ये ठरवलं.

आणि पाट्या वाचा. २२ फुटांहून लांब किंवा ७ फुटांहून उंच गाडीला, पाटी असेल त्या रस्त्यावर, रात्री २ ते ६ मनाई आहे. टेप लावून मोजा, छतावरचा पंखा आणि कॅरिअर धरून.

भिरभिरं : गाडी हेच घर असेल तर कोर्ट काही सवलत देतं का?

किल्लीजुडगा : वॉशिंग्टन राज्यात, हो. ‘सिअ‍ॅटल विरुद्ध लाँग’ या २०२१ च्या निकालात लाँग ज्यात राहत होता त्या ट्रकला घराचं संरक्षण मिळालं आणि टोइंगची ५४७ डॉलरची वसुली त्या माणसासाठी अवाजवी ठरली. ते त्या राज्यापुरतं, कॅलिफोर्नियात तो निकाल बंधनकारक नाही.

स्टेपनी : कॅलिफोर्नियात टो झालीच तर नोटीस ४८ तासांत निघते. नोटिशीच्या तारखेपासून १० दिवसांत सुनावणी मागायची. मागितल्यावर ती सुट्ट्या वगळून ४८ तासांत व्हायला हवी. गोम अशी की नोटीस जाते नोंदणीतल्या पत्त्यावर. माणूस गाडीत राहतो, पत्र जुन्या घरी पडून राहतं आणि दहा दिवस निघून जातात. टपाल रोज कुणीतरी उघडेल असाच पत्ता नोंदवा. औषधं आणि लायसन्स अंगावर ठेवा.