बहिणीच्या शर्यतीच्या बक्षिसाचे पैसे सरांकडेच असतात, हिशोब मागायचा कसा?

बांधावरचा_बाळू

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण पळते. ट्रॅकवर ३ हजार, ५ हजार मीटर आणि रोडवर ५ आणि १० किमी. १७ पूर्ण आहे, अडीच महिन्यांनी १८ होईल. आठवीत होती तेव्हा तालुक्याच्या शालेय स्पर्धेत अनवाणी पळाली, तिथं सरांनी, म्हणजे तिच्या कोचनी बघितलं आणि चार दिवसांनी घरी आले. वडलांना म्हणाले पोरगी माझ्याकडं द्या, हिचं सगळं मी बघतो. आमची दीड एकर कोरडवाहू, आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला, त्यामुळं देवच दारात आल्यासारखं झालं. तेव्हापासून ती जिल्ह्याच्या गावी सरांकडं राहते, अजून सात पोरी आहेत, दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. खोटं कशाला बोलू, सरांनी आजवर आमच्याकडं एक रुपया मागितला नाही.

पण दोन वर्षं झाली ती जिंकतेय. साखर कारखान्याची मॅरेथॉन, कुणा नेत्याच्या वाढदिवसाची मॅरेथॉन, ११ हजार, २१ हजार, एकदा ३१ हजार. पेपरात फोटो येतो, हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक. चषक घरी येतात, आई रोज पुसून ठेवते. पैसे नाही आले कधी. विचारलं की सर म्हणतात तिच्याच खात्यात आहेत, तिच्याच भविष्यासाठी. खातं ती १५ ची असताना सरांनीच सोबत जाऊन उघडून दिलंय, मोबाईल नंबर सरांचा, एटीएम कार्ड सरांकडं, पासबुक पण.

एवढं असूनही मी गप्प होतो. पण गेल्या महिन्यात तिनं मैत्रिणीच्या फोनवरून फोन केला, दादा तीनशे रुपये टाक, थोडं सामान आणायचंय, सरांना मागायला लाज वाटते. पंधरा दिवसांपूर्वी हीच पोरगी २१ हजार जिंकली होती. तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीये.

वडील म्हणतात ज्यानं पोरगी घडवली त्याच्या तोंडावर हिशोब मागायचा, लाज नाही का वाटत. आणि भीती पण आहे, उद्या सर म्हणाले घेऊन जा पोरगी, तर? एन्ट्री कोण पाठवणार, ट्रेनिंग कोण देणार? कसं विचारावं, की विचारूच नये?

निवृत्त_कॅशियर

३१ वर्षं बँकेत काढली, म्हणून फक्त खात्याचं सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

सरांना आत्ता काही विचारू नका. आधी बँकेत जा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, रकमेची मर्यादा ज्या त्या बँकेची. पालक म्हणून वडील किंवा आई. कोच हा कोर्टानं नेमल्याशिवाय पालक होत नाही, कितीही जीव लावणारा असला तरी. त्यामुळं तिचं कार्ड त्यांच्याकडं असणं हे कुठल्याच नियमात बसत नाही. मुलीला आणि वडलांना घेऊन शाखेत जा, आधार न्या, खातं उघडल्यापासूनचं स्टेटमेंट मागा, मोबाईल नंबर बदलायचा अर्ज द्या, जुनं कार्ड तिथंच बंद करा. नंबर बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो ना, खातं त्याचं असतं, पासबुकावर नाव कुणाचंही असो.

आणि १८ पूर्ण झाली की बँक नवीन सही, फोटो, केवायसी सगळं परत घेते. त्या दिवशी तिच्यासोबत तुम्ही जा, सर नकोत.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

मी स्वतः कोच आहे, १४ वर्षं, त्यामुळं थोडं कडू लागेल.

गावाकडनं पोरगी पाठवताना पालक एक लिटर दूध देत नाहीत आणि बक्षीस लागलं की हिशोब मागायला मोटारसायकलवर येतात. चांगले रेसिंगचे बूट १८-२० हजाराला येतात आणि काहीशे किलोमीटरमध्ये त्यांचा फोम बसतो. अंडी, दूध, केळी, सुकामेवा, फिजिओ, नॅशनलला जायचं स्लीपरचं तिकीट, खोलीभाडं. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १० हजार मिळतात, तेही थेट खेळाडूच्या खात्यात, पण निवड होईपर्यंतची चार-पाच वर्षं कोण पोसतं? पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. पदकावर खाशाबांचं नाव आहे आणि ते बरोबरच आहे, पण त्या घराची आठवण किती जण काढतात?

तरी एक कबूल करतो, कार्ड आणि पासबुक स्वतःकडं ठेवणं चूक. मी बक्षिसातले ३० टक्के ग्रुपच्या खर्चाला घेतो, पहिल्या दिवशीच आईबापासमोर सांगून, आणि वही ठेवतो. वही नसलेल्या कोचची बाजू मी घेणार नाही.

जुना_पळपुटा

@शिट्टी_आणि_स्टॉपवॉच सर, तुमच्या वहीबद्दल आदर आहे पण खाशाबांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, जिंकले आणि प्राचार्यांचे पैसे फेडले. फेडता आले कारण आकडा होता. सात हजार. उसने घेतले, परत दिले, दोघं मोकळे. इथं या पोरीला कुणी आकडाच सांगितलेला नाही, मग ती फेडणार काय? उपकाराची मजा हीच आहे, त्याची पावती नसते त्यामुळं तो फिटत पण नाही.

माझंच सांगतो. मी पण असाच उचललेला पोरगा. पाच वर्षं पळालो, सर म्हणायचे तुझ्या नावानं एफडी करतोय, नोकरी लागायच्या आधी घर बांधशील. एफडीची पावती कधी बघितली नाही, मागायचं सुचलंच नाही, बापाकडं कुणी पावती मागतं का? मोठ्या मॅरेथॉनचं बक्षीस डोप टेस्टचे रिपोर्ट आल्यावरच मिळतं, ते खरंय, पण आमच्याकडं नऊ-नऊ महिने रिपोर्टच यायचा बाकी असायचा. मग गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं तर सर म्हणाले तुझ्यावर चार लाख खर्च झालाय, उलट तूच देणं लागतोस. ते चार लाख कसे, कशाचे, आजपर्यंत माहीत नाही. सगळ्यात वाईट काय वाटलं माहितीये, मी त्यांना सॉरी म्हणून बाहेर आलो.

बाळूदादा, त्यामुळं पोरगी पळतेय तोवर विचार. पळायची थांबली की कुणी उभं करत नाही.

संत्रानगरीवाला

आमच्या नागपूरचं बघा न भाऊ. उमेश यादव, खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा, इंडियाकडून खेळला. जुन्या मित्राला काम नव्हतं म्हणून २०१४ मध्ये मॅनेजर ठेवला, बँक, इन्कम टॅक्स सगळं त्याच्याकडं. प्लॉट घ्यायला ४४ लाख दिले आणि त्यानं प्लॉट स्वतःच्याच नावावर घेतला, अशी तक्रार आहे, जानेवारी २०२३ मध्ये कोराडी ठाण्यात गुन्हा दाखल झाला. टेस्ट खेळणाऱ्या माणसाची ही गत तर तुमच्या बहिणीचं काय घेऊन बसले.

आणि ते मोबाईल नंबरचं वाचून मला तर शोहेई ओहतानीच आठवला. जपानचा बेसबॉलवाला, अमेरिकेत गेला तेव्हा २३ वर्षांचा, इंग्रजी येत नव्हतं म्हणून दुभाषा सोबत गेला आणि बँकेत खातं उघडून दिलं. पुढं त्याच दुभाष्यानं खात्याला जोडलेला फोन नंबर आणि ईमेल बदलून स्वतःचे टाकले, बँकेला फोन करून मीच ओहतानी बोलतोय म्हणायचा, आणि सट्ट्यापायी जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर उडवले. गुन्हा कबूल केला त्यानं, २०२५ मध्ये पावणेपाच वर्षांची शिक्षा झाली. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक आणि घरातला म्हणावा असा माणूस. तुमच्या सरांनी असंच केलं असं मी म्हणत नाही हां, पण दार तेच उघडं आहे.

टीडीएसवाली_ताई

कॅशियर काकांनी बँकेचं सांगितलं, मी कागदांचं सांगते.

तिचं पॅन आहे का बघ, अल्पवयीन मुलांचं पण निघतं. असेल तर इन्कम टॅक्सच्या साईटवर लॉगिन करून एआयएस आणि २६एएस, म्हणजे तिच्या पॅनवर आलेले पैसे आणि कापलेला कर दाखवणारे तक्ते उघड (तिथं पण मोबाईल नंबर कुणाचा आहे ते आधी बघ). ज्या आयोजकानं किंवा स्पॉन्सरनं टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून पैसे दिले त्याची तिथं नोंद असते, किती आणि कधी. ते आकडे आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेव, जे तिकडं आहे आणि इकडं नाही ते दुसऱ्याच खात्यात गेलंय. छोट्या रोख बक्षिसांची नोंद मात्र सापडणार नाही, त्यासाठी पेपरातली कात्रणं आणि पुठ्ठ्याच्या चेकचे फोटो काढून ठेव, आई ते चषक पुसते ना, त्यावर तारखा असतील बघ. आणि लहान मुलांचं इतर उत्पन्न आईवडलांपैकी ज्याची कमाई जास्त त्याच्यात धरतात पण स्वतःच्या कौशल्यानं कमावलेलं तिचंच धरतात, कायदा पण तिला कमावती मानतो.

दुसरं, सरांनी कधी कुठल्या करारावर सही घेतली का विचार. १८ च्या आतल्या मुलाशी केलेला करार कायद्यानं मुळातच रद्दबातल असतो, पण पालक म्हणून वडलांची सही असेल तर कागद वकिलाला दाखव. खरी काळजी १८ नंतरची. कोऱ्या चेकवर सही, बाँडपेपरवर सही, कुणाच्या लोनला जामीन, यातलं काहीही नाही. सर रडले तरी नाही.

आणि एक नाजूक. ती तिथं राहते, स्वतःचा फोन नाही, तीनशे रुपये मागायची चोरी. पैशापलीकडचं सगळं नीट आहे ना, हे तिला एकटीला, शांतपणे, आईनं विचारावं. तसं काही वाटलं तर १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाईनला फोन करायचा, हिशोबाची वाट बघत बसायचं नाही.

बांधावरचा_बाळू

सगळ्यांचे आभार, अकरा दिवसांनी लिहितोय कारण बरंच घडलं.

ताई, आईनं विचारलं, तसलं काही नाही, देवाची कृपा. करार वगैरे पण नाही. पॅन काढलेलंच नव्हतं, आता अर्ज केलाय.

बहिणीला दोन दिवसांसाठी घरी आणलं आणि वडलांना कसंबसं तयार करून बँकेत गेलो. स्टेटमेंट निघालं साडेतीन पानांचं. दोन वर्षांत जमा १ लाख ८६ हजार. प्रत्येक वेळी जमा झाल्यावर दोन दिवसांच्या आत एटीएममधनं १०-१० हजार काढलेले. शिल्लक ४१२ रुपये. वडील फार शिकलेले नाहीत पण आकडे कळतात, ऊसतोडीची आगाऊ उचल देणाऱ्या मुकादमाच्या वहीनं शिकवलंय त्यांना. बराच वेळ कागद हातात धरून बसले, मग एवढंच म्हणाले, ही तर उचल झाली रे. आपण फेडतोय ती कमी होती का.

सरांना भेटायला तेच गेले, मला बाहेर थांबवलं. सरांनी वही काढलीच नाही, कारण वही नाहीये. बूट, खुराक, भाडं तोंडी मोजलं आणि वर म्हणाले आठ पोरींचा खर्च जिंकणारीच्या पैशातनंच निघतो, तसंच चालतं सगळीकडं. कदाचित खरं पण असेल, खिशात किती गेले आणि पोरींच्या पोटात किती गेले हे मला कधीच कळणार नाही. पण मग ते तिला सांगून घ्यायचे होते ना, तिनं आनंदानं दिले असते. चिडले नाहीत. ठीक आहे, घेऊन जा म्हणाले, बस.

बहीण माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते तुझ्यामुळं सरांच्या डोळ्यातनं उतरले, पैसे गेले खड्ड्यात. तिचं पण चूक नाही, चार वर्षं पहाटे साडेचारला तिला उठवणारा माणूस आहे तो. नंबर बदललाय, कार्ड नवीन आलंय, पाकीट तिनं अजून फोडलेलं नाही.

पोलिसांत जायचं का ते ठरलं नाही, वडील नको म्हणतात. तालुक्याला शाळेचे एक पीटी सर आहेत, सध्या तिथं सकाळी पळते. येत्या रविवारी १० किमी आहे, फॉर्म तिनं स्वतः भरलाय. अडचण एकच, बूट सरांनी परत ठेवून घेतले. कुणाकडं लेडीज ५ नंबरचे वापरलेले पण चांगल्या स्थितीतले रेसिंगचे बूट असतील तर सांगा, विकत घेईन.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

५ नंबर आहे माझ्याकडं. आमच्या एका पोरीनं दीडशे किमी वापरलेत, फोम चांगलाय. चार हजार. हजाराचे चार हप्ते, बक्षीस लागेल तसे द्या, लागलं नाही तर पुढच्या वर्षी. पत्ता मेसेज करा, उद्याच्या एसटीनं पार्सल टाकतो. आणि हो, ही रक्कम तिलाच सांगा, तुम्ही परस्पर देऊ नका.