गावच्या यात्रेवर डिझर्टेशन आहे, गावगाडा आणि इरावतीबाई सोडून अजून काय वाचू?

माणदेशी_पोर:
नमस्कार मंडळी, एमए समाजशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, विषय आमच्याच गावच्या बिरोबाची यात्रा. पालखीला खांदा कुणाचा, पहिला निवद कुणाचा, ढोल कुणी वाजवायचे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. गाईड म्हणाले गावगाडा आणि इरावती कर्वे वाच. गावगाडा निम्मा झालाय, बलुत्याचं वाचताना आजोबा सांगायचे तेच समोर येतं, पण पुस्तक १९१५ चं, आजच्या गावाला लावायचं कसं? आणि धनगरांच्या देवांवर नीट काम कुणी केलंय का?

बांधावरचा:
गावगाडा पूर्ण वाच, मध्येच सोडू नकोस. खळ्यावर कोणाला किती मिळायचं, बलुतेदारांच्या वाट्याच्या पायऱ्या म्हणजे थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ, एवढं बारकाईनं त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडतं. फक्त एक ध्यानात ठेव, गावगाडा लिहिणारे त्रिं. ना. आत्रे सरकारी नोकरीतले आणि त्यांचा जीव कुणब्यात, त्यामुळे खळ्यावर मागायला आलेला माणूस आणि गावात उतरलेले फिरस्ते त्यांना कुणब्यावरचं ओझं वाटतात. आता त्या मागणाऱ्याच्या बाजूनं बघ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल आणलं ते महारवतनातली राबणूक थांबावी म्हणून, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. दया पवारांचं बलुतं हे आत्मकथन गावगाड्याच्या शेजारी ठेवूनच वाच. यात्रेचं लिहिताना मान कुणाचा आणि राबतं कोण असे दोन वेगळे रकाने कर, खरी माहिती तिथं निघेल.

जात्यावरची:
धनगरी देवांसाठी गुंथर सोंथायमर, दुसरं नाव नाही!! बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं पुस्तक जर्मनमध्ये १९७६ ला आलं, इंग्रजीत १९८९ ला. नुसती लायब्ररीत बसून लिहिलेलं नाहीये, धनगरांच्यात राहून ओव्या टेप केल्या, कथा लिहून घेतल्या. रानातला, मेंढरांबरोबर फिरणारा देव गावात स्थिर होतो, शेती करणारे लोक त्याला आपला म्हणतात आणि मग हक्कांची वाटणी कशी होते हे त्यांनी फार सुंदर उलगडलंय, वीरच्या म्हसकोबाचा भाग तर तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे.

आणि बायका कुठायत तुझ्या विषयात? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आता पारी (ग्रामीण भारतावरची PARI ही वेबसाइट) वर ऐकायलाही मिळतात. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बिरोबाची ओवी विचारून बघच.

वाटसरू:
इरावतीबाईंचं काय वाचायचं तेही सांगतो, कारण लोक नात्यागोत्यावरच्या जाड पुस्तकापासून सुरुवात करतात आणि दमतात. आधी पंढरीच्या वारीवरचा लेख वाच. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात, पण पंगती वेगळ्या, आणि ज्यांना अस्पृश्य मानायचे त्यांच्या दिंड्याच वेगळ्या, हे बाई स्वतः चालत असताना टिपतात आणि त्यांना ते आतून लागतं, लेखात लपवत नाहीत. ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हा त्यांचा विचारही त्याच लेखात आहे. असं जवळून बघणं शिकायला मला तरी मराठी माणसाचं याहून चांगलं काही सापडलं नाही.

आणि जुनं पुस्तक आजच्या गावाला कसं लावायचं म्हणालास तर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुऱ्यांचं पुण्याजवळच्या लोणीकंद गावावरचं काम बघ. कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या सर्जननं १८२० च्या आसपास त्या गावाची घरं, शेती, कर्जं सगळं लिहून ठेवलं होतं, घुऱ्यांनी सव्वाशे वर्षांनंतर तेच गाव पुन्हा अभ्यासलं आणि १९६० मध्ये छापलं. तुलना कशी करायची ते त्यात दिसतं.

माणदेशी_पोर:
खूप आभार सगळ्यांचे. दोन रकान्यांचं वाचल्यावर लगेच गेल्या वर्षीची यात्रेची पत्रिका काढून बघितली. मानकरी, देणगीदार, कुस्तीचे पंच, सगळ्यांची नावं आहेत. पालखीपुढं हलगी वाजवणारे मातंग वस्तीवरचे आजोबा, मी लहान असल्यापासून तेच वाजवतात, त्यांचं नाव नाही.

बांधावरचा:
मग पहिली मुलाखत त्यांचीच घे, मानकऱ्यांच्या आधी. त्यांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून रेकॉर्ड कर. आधी कोण वाजवायचं, बदल्यात काय मिळायचं, धान्य जाऊन पैसे कधी आले, वाजवायला नकार कुणी दिला होता का, पुढची पोरं वाजवणार का. आणि जुन्या पत्रिका मिळतील तेवढ्या जमव, तालुक्याच्या प्रेसवाल्याकडे फाइल असते बऱ्याचदा, नावं कधी वाढली कधी गळली ते त्यात दिसेल.