पार्किंगमधली चोरी आणि चौकीवरचा फोन

ए-१०४ काका: नमस्कार मंडळी. पार्किंगमधून बाइक गेली त्याबद्दल पोलिसांचा फोन होता. उद्या ११ ला जबाब द्यायला या म्हणाले. त्या रात्री मी दोनदा खाली गेलो होतो, कॅमेऱ्यात दिसतोय. उगाच माझ्या गळ्यात पडायचं.

सी-३०१: काका, तोंडच उघडू नका. मला गप्प राहण्याचा अधिकार आहे म्हणायचं, विषय संपला 😎

बी-२०२: अरे ते अमेरिकन सिनेमात! इथे गप्प बसलं की म्हणतात, चोराच्या मनात चांदणं.

बी-५०४ वकील ताई: दोघंही अर्धं बरोबर. गप्प राहण्याच्या अधिकाराची ती अमेरिकन पोलिसांची सूचना तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९६६ च्या मिरांडा निकालातली. आपला अधिकार संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पण काका आरोपी नाहीत, साक्षीदार आहेत. नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा), कलम १८०: प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीच लागतात. सूट फक्त अशा प्रश्नांना, ज्यांच्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो.

ए-४०२: म्हणजे सरसकट गप्प बसायचं नाही?

बी-५०४ वकील ताई: नाही. १९७७ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना पोलिसांनी लेखी प्रश्नावली दिली. त्यांनी उत्तरं नाकारली, तर त्याचाच खटला भरला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे संरक्षण कोर्टात उभं राहिल्यावरच नाही, पोलिसांच्या चौकशीतही मिळतं. खटला रद्द झाला. पण ज्यात अडकण्याची भीती नाही त्या प्रश्नांची उत्तरं बाईंना द्यावीच लागणार होती.

ए-१०४ काका: मी औषधांची पिशवी गाडीत विसरलो होतो. एकदा किल्ली न घेताच गेलो, म्हणून दोन खेपा 🤦

बी-५०४ वकील ताई: मग तेवढंच सांगा, जसं घडलं तसं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज ठोकू नका. "कुलूप तुम्हीच तोडलं ना?" अशी गाडी वळली तर थांबायचं आणि म्हणायचं, वकिलाशी बोलून सांगतो. खोटं मात्र नको, गप्प बसण्याला संरक्षण आहे, थापांना नाही.

सी-३०१: आणि दमदाटी करून कबूल करून घेतलं तर?

बी-५०४ वकील ताई: पोलिसांसमोरची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, साक्ष अधिनियम कलम २३. खाच एकच. कोठडीतला आरोपी म्हणाला की बाइक अमुक गोदामात लपवली आणि ती तिथे सापडली, तर तेवढा भाग चालतो. आणि हो, साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर सही लागत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.
काका, तुमचं वय?

ए-१०४ काका: ६३ पूर्ण.

बी-५०४ वकील ताई: अहो मग तुम्ही जायचंच कशाला! त्याच संहितेचं कलम १७९. साक्षीदाराला बोलवायला लेखी आदेश लागतो. त्यातही बायका, १५ खालचे मुलगे आणि ६० वरचे पुरुष यांना घराबाहेर यायची सक्ती नाही. जुन्या कायद्यात ६५ होतं, १ जुलै २०२४ पासून ६०. स्वतःहून जायचं असेल तर जा.

बी-२०२: हे कुणी सांगतच नाही.

ए-१०४ काका: आत्ताच फोन केला. साहेब म्हणाले, ठीक आहे, उद्या ११ ला हवालदार घरी पाठवतो. ताई, तुम्ही असाल का?

बी-५०४ वकील ताई: साडेदहाला येते. सेक्रेटरी, त्या रात्रीचं फुटेज पुसलं जायच्या आत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.