तीन कॉम्प्युटरच्या ऑफिसला दहा गिगाबिट कशाला?

विश्रामबागकर
लग्नाच्या व्हिडिओचा धंदा आहे. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि जुन्या पीसीचा बनवलेला नॅस, म्हणजे तिघांना नेटवर्कवरून वापरता येणारं फाइलींचं कोठार. त्यात दोन हार्डडिस्क, एकीवरचं दुसरीवर उतरतं. गेल्या सीझनला एका लग्नाचं २०० जीबी फुटेज नॅसवर चढायला पाच तास लागले. सेकंदाला ११ एमबी, त्यावर काटाच हलेना. एक म्हणाला राउटर बदला. दुसरा म्हणाला सर्व्हरमधलं जुनं दहा गिगाबिटचं, म्हणजे साध्या गिगाबिट नेटवर्कच्या दहापट वेगाचं, सामान मागवा, स्वस्तात मिळतं.

शेवटी मीच आयपर्फ हा लाइनचा वेग मोजणारा प्रोग्रॅम लावला, तर सेकंदाला ९४ मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). हा आकडा दिसला की समजायचं, लाइन गिगाबिटवरून, म्हणजे १००० मेगाबिटवरून, १०० वर उतरलीय. गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळं एखादी तार सुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप हळू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वायरीच्या टोकाची क्लिप उजेडात धरली तर तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. नवी क्लिप मारली. पुढचं तेवढंच लग्न अर्ध्या तासात चढलं.

माझं मत सरळ आहे. आपल्यासारख्यांना दहा गिगाबिट म्हणजे नुसता नाद. तांब्याची चांगली वायर, हजार-दीड हजाराचा गिगाबिट स्विच (सगळ्या वायरी एकत्र जोडणारा डबा), विषय संपला.

सतारमेकर, मिरज
विषय कसा संपला? क्लिप तुमची खराब आणि शिक्षा दहा गिगाबिटला! मे महिन्यात तिघं एकदम नॅसवरून एडिट करायला बसले की काय करता? नॅसला वायर एकच. गिगाबिटचे सेकंदाला ११२ एमबी तिघांत वाटून खायचे.

माझ्याकडं सर्व्हरमधून निघालेली इंटेलची एक्स ५२० ही दहा गिगाबिटची नेटवर्क कार्डं आहेत, दोन. एक नॅसमध्ये, एक मेन एडिटिंगच्या पीसीत, मध्ये तीन मीटरची डॅक केबल, म्हणजे दोन कार्डं थेट जोडणारी तयार वायर. स्विच लागतच नाही. बाकीचे दोघं गिगाबिटवरच आहेत, त्यांचं काही अडत नाही. सगळ्यांना दहा द्या असं सांगितलंय कुणी?

वायरमन कुपवाड
सतारमेकर, ती कार्डं सर्व्हरच्या पंख्यांच्या झोतात चालायला बनवलेली. एप्रिलमध्ये बंद कपाटात ठेवा आणि हात लावून दाखवा. आणि विश्रामबागकरांची हार्डडिस्क फार तर १८० एमबी देणार. मग दहा गिगाबिटची ११०० एमबीची वाट मोकळी ठेवून उपयोग काय?

मी गिऱ्हाइकाला अडीच गिगाबिट सांगतो. २०१६ ला हे स्टँडर्ड आलं, तेच मुळी भिंतीतली जुनी कॅट ५ई प्रकारची नेटवर्क वायर उखडायला लागू नये म्हणून. १०० मीटरपर्यंत चालतं. नव्या मदरबोर्डवर हे पोर्ट बऱ्याचदा असतंच, लोक ते गिगाबिट स्विचला जोडून वाया घालवतात.

फक्त वायर बघून घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास खपवतात. ३०५ मीटरचं खोकं उचललं की हलकं लागतं. तार ब्लेडनं खरवडायची, आत पांढरी निघाली की खोकं परत. असल्या वायरीवर पीओईचा, म्हणजे नेटवर्क वायरीतूनच वीज घेणारा, कॅमेरा लावला तर ती तापते, आणि क्लिप मारताना तुटते ते वेगळंच.

भाड्याचं घर, सातारा
सगळे वायर वायर करताय. मंगळवार पेठेत जुन्या वाड्यात आमचं टॅक्सचं ऑफिस. भिंत दीड हात जाड, घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. तीन डब्यांचा मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे, घेतला, इंटरनेट १०० मेगाबिटचं आहे, शेवटच्या खोलीत ४० येतं. रिटर्न भरायला अजून काय पाहिजे?

वायरमन कुपवाड
१०० चे ४० का होतात, तेही सांगा की. एक डबा दुसऱ्याशी हवेतूनच बोलतो आणि त्याच चॅनेलवर तुमच्या लॅपटॉपशीही. दर उडीला वेग साधारण निम्मा. चौकटीवरून केसिंग पट्टी डबल टेपनं चिकटवा, डबे वायरनं जोडा. खिळा लागत नाही.

भाड्याचं घर, सातारा
आणि रंग निघाला की डिपॉझिटमधून तुम्ही देणार?

खणभाग
वेगाचं ठरवून झालं असेल तर एक सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्याला जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेले सगळे लॅन पॉइंट गेले. आता स्विच, यूपीएस, नॅस सगळं माळ्यावर, वायर वरून खाली येते.

दुसरं, गल्लीपलीकडच्या गोदामात तांब्याची वायर गच्चीवरून नेली होती. वळवाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली, स्विच आणि दोन पीसींची पोर्टं एका दमात खलास. आता दोन इमारतींमध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर तांब्याच्या वायरीला जोडणारे डबे. काचेतून वीज येत नाही.

विश्रामबागकर
फायबरचं पटलं. सतारमेकर, तुमचं ‘दोनच पीसी, स्विच नाही’ हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी अख्ख्या ऑफिसचा हिशेब धरला होता. पण नाद हा शब्द मागं घेत नाही. रविवारी कार्डं घेऊन या, माझ्याच नॅसवर मोजू.

सतारमेकर, मिरज
येतो. पण एक एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, लावून ठेवा. नाहीतर आकडा १८० वर अडकेल आणि नाव माझ्या कार्डाचं खराब होईल.