शब्दचर्चा: ऑटोमॅटिकचा गिअर ‘उतरतो’, ‘पडतो’ की ‘कमी होतो’?

विचारणा

मोटारीच्या एका वापर-पुस्तिकेचं मराठी करते आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या प्रकरणात एका वाक्याशी अडले आहे. आशय असा, की कमी वेगात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर गिअरबॉक्स डाउनशिफ्ट करतो, म्हणजे खालच्या गिअरवर येतो, गाडी किंचित मागे खेचल्यासारखी वाटते आणि मंदावते; हा बिघाड नाही. जुन्या भाषांतरात ‘अल्पगतीस पारेषण अधोगिअरण करते व वाहनास मंदन प्राप्त होते’ असं छापलंय. हे वाचून गाडी विकत घेणारा गाडी परत करायला जाईल. मला सुचलेले पर्याय: ‘गिअर कमी होतो’, ‘गिअर पडतो’, ‘गिअर उतरतो’. बोलताना तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १

‘पडतो’ नकोच. ‘गिअर पडला’ म्हणजे गिअर लागला, बसला. ‘रिव्हर्स पडत नाहीये’ अशी तक्रार घेऊन लोक येतात ती लागत नाही म्हणून. ‘निसटतो’ किंवा ‘सुटतो’ म्हणजे लागलेला गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो, तो तर सरळ बिघाड. ‘कमी होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं आठ होते त्याचे सात झाले. आम्ही ‘गिअर उतरवला’, ‘खालचा घेतला’, ‘सेकंडवर आणला’ असं म्हणतो. ऑटोमॅटिकमध्ये ‘स्वतःच उतरतो’. संपलं.

प्रतिसाद २

संपलं नाही, कारण उतरणे आणि उतरवणे यांतच सगळी गंमत आहे.

क्लचवाल्या गाडीत गिअर उतरवणारा माणूस असतो. तो चौथ्यावरून दुसऱ्यावर आणतो, म्हणून इंजिनाचे फेरे वाढतात, म्हणून गाडी मंदावते. क्रम असा: आधी गिअर, मग मंदावणं. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या ‘ड्राइव्ह’ स्थितीत, रेस सोडून गाडी नुसती जाऊ दिली तर क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. हवा आणि टायर यांच्या विरोधानं वेग आधीच घटत असतो, इंजिनाचे फेरे ठरावीक हद्दीखाली जायला लागतात आणि तसे जाऊ नयेत म्हणून पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, सहाव्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून चौथ्यावर येत राहते. गाडी मंदावली म्हणून गिअर उतरला. पुस्तिकेतलं ‘डाउनशिफ्ट करतो आणि गाडी मंदावते’ हे वाक्य दोन्हींची सरमिसळ करतंय. मराठीला ती टाळण्याची सोय आयती आहे: चालकानं केलं तर ‘उतरवला’, आपसूक झालं तर ‘उतरला’.

शाळेच्या पुस्तकातलं ‘मंदन’ किंवा ‘अवत्वरण’ गणितात ठीक. गाडीला ‘मंदावते’ पुरे.

विचारणारी

म्हणजे ‘गिअर उतरल्यामुळे गाडी मंदावते’ असं लिहिलं तर चूक ठरेल? मूळ वाक्याला तर तेच म्हणायचंय. आणि वापरणाऱ्यांची तक्रारही तीच आहे, की अगदी हळू चालताना, थांबायच्या जरा आधी, गाडी आपणहून आवळल्यासारखी होते.

प्रतिसाद ३

तक्रार खरी आहे. अगदी हळू वेगात पुन्हा गिअरच कारण ठरतो, हे प्रतिसाद २ मध्ये राहून गेलं. जरा आकडे मांडून बघा.

समजा इंजिनाचा आयडल, म्हणजे रेस न देता फिरण्याचा वेग, मिनिटाला ७०० फेरे आहे. दुसऱ्या गिअरचं प्रमाण ३.१४, पहिल्याचं ४.७१, डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांजवळच्या शेवटच्या गिअरजोडीचं, ३.२ आणि चाकाचा घेर २ मीटर. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सच्या तोंडाशी, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) टर्बाइनला, सुमारे १० (३.१४ × ३.२) फेरे होतात. टर्बाइन ७०० वर येते तेव्हा चाक मिनिटाला ७० फेरे फिरतंय, म्हणजे गाडी ताशी ८.४ किलोमीटरनं चाललीय. या वेगाच्या वर गाडी इंजिनाला फिरवत असते, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. या वेगाच्या खाली इंजिन गाडीला ढकलायला लागतं.

आता नेमकं ८ वर असताना पेटीनं पहिला टाकला. गाडीचा वेग तोच, पण टर्बाइनचे फेरे एकदम हजाराच्या आसपास. क्षणापूर्वी ढकलण्याच्या बाजूला झुकलेलं इंजिन पुन्हा धरायच्या बाजूला गेलं. तुमची ‘आवळल्यासारखी’ ती हीच. पुढे ५.६ च्या खाली गाडी गेली की पहिल्या गिअरमध्येही धरणं संपतं आणि ढकलणं सुरू होतं. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता गाडी रांगत राहते ती याच ढकलण्यावर.

म्हणून तुमच्या वाक्यापुरतं ‘गिअर उतरतो आणि गाडी जराशी आवळते’ चालेल, पण ‘अगदी कमी वेगात’ हे शब्द हवेत. साठच्या वेगाला ते वाक्य लावू नका.

प्रतिसाद १

धरणं-ढकलणं बरोबर. पण सगळ्या गाड्या पहिल्या गिअरवर धरत नाहीत. जुन्या तीन-चार गिअरच्या बऱ्याच पेट्यांमध्ये पहिला गिअर ‘डी’त असताना एकाच दिशेनं अडकणाऱ्या क्लचवर चालतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा: पेडल मारलं तर चाक फिरतं, चाक पुढे पळालं तर पेडल मोकळं. त्यामुळे ‘डी’त पहिल्यावर आलं तरी इंजिन धरत नाही, गाडी मोकळी घरंगळते. दांडा ‘एल’वर (लो) किंवा ‘१’वर घेतला की आतला एक जादा बँड किंवा क्लच आवळतो, तेव्हा पहिला गिअर दोन्ही दिशांनी धरतो. घाट उतरताना ‘एल’ टाका म्हणतात ते एवढ्यासाठी. ‘डी’त आपोआप आलेला पहिला आणि ‘एल’ टाकून घेतलेला पहिला, आकडा एकच, काम वेगळं.

नव्या सहा-आठ गिअरच्या पेट्यांत असे फ्रीव्हील बहुतेक काढून टाकलेत. तिथे कुठला क्लच कधी सोडायचा नि कधी धरायचा हे कॉम्प्युटर बघतो. काही पेट्या थांबेपर्यंत दुसऱ्यावरच राहतात आणि पहिला गाडी उभी राहता राहता टाकतात, मग हिसका जाणवतच नाही.

प्रतिसाद ४

‘लो’ शब्दाचा इतिहासही यातच आहे. १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आलेली हायड्रामॅटिक ही मोठ्या संख्येनं विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक पेटी. चार गिअर होते, पण चालकासमोर पुढे जायला ‘हाय’ आणि ‘लो’ एवढेच. चालकानं गिअर निवडायचा नाही, गिअरांना वर जाण्यापासून अडवायचं फक्त. आजचा ‘एल’ तिचाच वारस. म्हणून ‘एल’साठी ‘पहिला गिअर’ लिहू नका. ‘लो’ राहू द्या, नाहीतर ‘खालचे गिअर’.

‘खालचा-वरचा’ यावरून मात्र नवशिक्यांचा हमखास घोळ होतो. खालच्या गिअरचं प्रमाण मोठं असतं. आठ गिअरच्या काही पेट्यांत पहिल्याचं ४.७ आणि आठव्याचं ०.६७ असतं. इंजिनाचा अडसर या प्रमाणानं गुणून चाकापर्यंत पोचतो, म्हणजे तोच अडसर पहिल्यात आठव्याच्या सुमारे सातपट जाणवेल. शिवाय खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फेरे मारतं, म्हणून मुळात अडसरही मोठा. सायकलवाले ‘हलका’ आणि ‘जड’ गिअर म्हणतात, ते जास्त स्पष्ट वाटतं, पण मोटारीसाठी कुणी म्हणत नाही.

विचारणारी

‘अडसर’ आवडला. ‘इंजिन ब्रेकिंग’ला मी ‘इंजिन-रोध’ लिहिलं होतं.

प्रतिसाद २

‘इंजिन-रोध’ वाचून इंजिन अडकलंय असं वाटतं. ‘इंजिन ब्रेक’ लोकांना कळतो. वाक्यात ‘इंजिन गाडीला धरतं’ म्हणा. पेट्रोल इंजिनात हे धरणं बरंचसं हवेचं असतं. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते, पिस्टनला हवा मिळायला झगडावं लागतं आणि ती मेहनत गाडीच्या वेगातून वसूल होते. वर घर्षण आहेच. तेवढ्या वेळात इंजेक्टर इंधनही बंद ठेवतात आणि फेरे आयडलच्या जवळ आले की पुन्हा सुरू करतात. हळू वेगात धरणं अचानक ढिलं पडल्यासारखं वाटतं, त्यात यांचाही हात असतो. कन्व्हर्टरचं लॉक-अप (त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) सुटलं की तर मध्ये नुसतं तेल उरतं, त्यातून इंजिनाचा अडसर चाकापर्यंत नीट पोचतच नाही.

प्रतिसाद १

एएमटी (क्लच आणि गिअर मशीन चालवतं अशी साधी पेटी) असेल तर हे प्रकरण लावू नका. तिथे कन्व्हर्टर नाही, साधा क्लच आहे. वेग फार उतरला की इंजिन बंद पडू नये म्हणून मशीन क्लच दाबतं आणि इंजिन गाडीला सोडून देतं. ‘आवळते’च्या जागी ‘सुटते’ लिहावं लागेल. सीव्हीटीत (प्रमाण सलग बदलणाऱ्या पेटीत) पायऱ्याच नाहीत, त्यामुळे ‘गिअर उतरतो’ हेच चूक. ‘प्रमाण बदलतं’ म्हणा.

विचारणारी

ही पुस्तिका कन्व्हर्टरवाल्या आठ गिअरच्या गाडीची आहे. मग असं लिहिते: ‘अगदी हळू वेगात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यास गिअरबॉक्स आपोआप खालच्या गिअरवर उतरतो. त्या क्षणी इंजिन गाडीला धरते आणि गाडी किंचित आवळल्यासारखी वाटते. हा बिघाड नाही. याहून वेग कमी झाल्यास गाडी इंजिनाच्या जोरावर रांगू लागते. थांबण्यासाठी ब्रेक दाबून ठेवा.’

प्रतिसाद ३

शेवटचं वाक्य मुळात होतं का?

विचारणारी

नव्हतं. दोन पानं पुढे होतं, इथे आणलं.

प्रतिसाद २

राहू द्या. फक्त ‘गिअरबॉक्स उतरतो’ नको, ‘गिअर उतरतो’. पेटी जागेवरच असते.